टिनकपची चिठ्ठी

११ ऑक्टोबर, शनिवार

ऑरिन आला नाही. पाचला येतो म्हणाला होता, सात वाजून गेले. नेवाडातले दोनशे बारा डोंगर चढून झालेत त्याचे. टिनकप हा दोनशे तेरावा — वाट नसलेला, कुणी फिरकत नाही असा. "वाट असली की तो डोंगर नाही, जिना!" म्हणतो. नवऱ्याचं वय एकाहत्तर.

कुठून चढणार, कुठून उतरणार याची चिठ्ठी तो फ्रिजवर लावून जातो. ती खाली पडलेली सापडली. शेरीफच्या माणसाला फोनवर वाचून दाखवली — "टिनकप. उत्तरेच्या घळीतून वर, तिथूनच खाली. पाचला घरी."

देवा, त्याला सांभाळ.

१२ ऑक्टोबर

गाडी सापडली, पायथ्याशी. बारा माणसं घळीत शिरलीत. चिठ्ठी हरवायला नको म्हणून इथेच चिकटपट्टीनं डकवली. मागे जुनं काहीतरी पेन्सिलीनं खरडलंय — या घरात दोन्ही बाजू भरल्याखेरीज कागद फेकला जात नाही. उपास धरला.

१५ ऑक्टोबर

काही नाही.

१७ ऑक्टोबर

बर्फ. शोध थांबवला. शेरीफचा माणूस टोपी हातात धरून दारात उभा. "काकू, घळीतला दगडन् दगड उलटला हो." त्याला सूप दिलं. ऑरिनच्या वाटणीचं होतं.

२ एप्रिल

व्हर्ल आला. ऑरिनचा तीस वर्षांचा डोंगरातला सोबती. तेव्हा गुडघ्यामुळे घरी होता. म्हणाला, "वहिनी, माथ्यावर डब्यात वही असते. जो पोचतो तो सही करतो. शोधवाले घळीच्या वर गेलेच नाहीत. ऑरिन पोचला होता का, एवढं तरी कळेल."

मी म्हटलं, मीही येते.

"तुम्ही? चर्चच्या पायऱ्यांना दम लागतो तुम्हाला!"

"लागू दे."

५ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवते.

उजाडताच निघालो. पाठीवर चार-चार लिटर पाणी. दोन पावलं चढावं तर एक घसरावं. निवडुंगाचे काटे बुटातून आत. परतताना चुकायला नको म्हणून मी तीन दगड एकावर एक रचले, तर व्हर्लनं लाथेनं उडवले. "वहिनी, खुणा करायच्या नाहीत! ऑरिननं पाहिलं असतं तर तुम्हाला इथेच सोडून गेला असता." दोघंही हसलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मग थेट माथा गाठला.

डबा होता. वहीत शेवटची नोंद त्याचीच — "११ ऑक्टोबर. घरी लिहून आलोय त्याप्रमाणे दक्षिणेच्या सोंडेनं उतरतो. पाय ठणठणीत."

घरच्या चिठ्ठीत तर उत्तरेची घळ होती! "आयत्या वेळी बेत बदलला असेल," व्हर्ल म्हणाला. ऑरिन? तो तर बूट काढायची जागासुद्धा बदलत नाही.

सोंडेनंच उतरलो. तासाभरावर एका कपारीत सापडला. पाय मोडलेला. पाण्याची बाटली झाकण लावून नीट बाजूला. शेजारच्या खडकावर दगडानं ओढलेल्या रेघा, दिवसाला एक. "मोजू नका, वहिनी."

मोजल्या. सहा.

९ एप्रिल

दफन झालं. "देवाची इच्छा," बिशप म्हणाले. मी मान हलवली.

१० एप्रिल

आज चिकटपट्टी सोडवली, चिठ्ठी उलटली. पेन्सिलीनं — "टिनकप, पुन्हा एकदा. घळीतून वर, दक्षिणेच्या सोंडेनं खाली. ११ ऑक्टो." मी फोनवर वाचली ती बाजू मार्चमधली, तेव्हा तो अर्ध्यातून परतला होता.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, नवा कागद घेऊ का. मी म्हटलं, मागची बाजू कोरी आहे की.