आईला चिंबोरी हवी

३ जून, सोमवार

आज पुन्हा तेच. रताळं कुस्करून नारळाच्या दुधात कालवलं, घास पुढे केला, तर तोंड फिरवलं. म्हणे चिंबोरी दे. साधीसुधी नाही – मादी, अंड्यांनी भरलेली, निखाऱ्यावर भाजलेली!

आणि हे आमच्या घरात. ज्या ओसरीवर दर बुधवारी बायकांची प्रार्थना भरते, त्या घरात.

आई मूळची पलीकडची. खाडीच्या त्या तोंडाला रविवारवाल्यांचं गाव आहे, तिथली. त्यांना सगळं चालतं – चिंबोऱ्या, कालवं, डुक्कर, कासव. लग्न करून इकडे आम्हा शनिवारवाल्यांत आली – आमची उपासना शनिवारी आणि अशुद्ध अन्न वर्ज्य – समुद्रात उतरून बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसापासून पर नसलेलं, खवले नसलेलं काही तोंडात घातलं नाही. केझियाबाईसारखी पाळणारी नाही, असं लोक आईबद्दल म्हणायचे. आणि मनात सगळा जन्म चिंबोरी घोळवत होती हे आता कळतंय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

डोकं ठिकाणावर नाही म्हणावं तर मला नावाने हाक मारते. कधी मारते, कधी मला तिची बहीण समजते. नर्सबाई परवा पोट चाचपून म्हणाली, यकृत सुजलंय, आता थोडे दिवस, घशाखाली जाईल ते द्या. मी म्हटलं, शरीराचं तुम्ही सांगा, आत्म्याचं मी बघते.

५ जून, बुधवार

नाक कापलं माझं.

प्रार्थनेला सगळ्या आल्या होत्या. आईला भिंतीला टेकवून बसवलं होतं, म्हटलं चार शब्द कानावर पडतील. रूथ डोळे मिटून म्हणत होती, प्रभू, आमच्या केझियाकाकूला तुझीच भूक लागू दे. तर आई मोठ्यांदा म्हणाली, "भूक लागलीच आहे गो. पण अवसेची आणा, पुनवेची नको. पुनवेची पोकळ असते."

बायका मिटल्या डोळ्यांनी हसत होत्या. मी बघितलं, माझे उघडेच होते.

जाताना रूथ म्हणते, "मनावर नको घेऊस एडिना, म्हातारं माणूस आहे." गोड बोलून गळा कापणारी. आमच्यात सुपारीही वर्ज्य, आणि तिचा नवरा घराखाली लपून ती चघळतो ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. अजून बोलले नाही कुणाजवळ. बोलेन.

७ जून, शुक्रवार

दुपारी पिकोमामा आला. आईचा धाकटा भाऊ. धक्क्याला होडी लावली आणि वर आला तो हातात चिंबोऱ्यांची जुडी घेऊनच. वेलीने बांधलेल्या, जिवंत, तोंडाला फेस. मी पायरीवरच आडवी उभी राहिले.

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी नाही, घाबरू नकोस. माझ्या बहिणीसाठी."

"आमच्यात चालत नाही, मामा."

"तुमच्यात काय चालत नाही ते मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतोय. ती मरायला टेकलीय पोरी. मरणाऱ्याला हवं ते द्यावं, हे कुठल्याही देवाला चालतं. का तुझा देव तिचं ताट हुंगत बसलाय?"

आतून आईने आवाज ओळखला. "पिको? आणल्यास काय रे?" लहान पोरीसारखा आवाज. त्या आवाजात ती माझ्याशी जन्मात कधी बोलली नाही.

तिथेच माझं डोकं फिरलं. मामाच्या हातातून जुडी ओढली, धक्क्यापर्यंत गेले आणि दिली पाण्यात फेकून. बांधलेल्याच होत्या. तशाच तळाला गेल्या.

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पाण्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मोठी होडी घेऊन येतो. तिला घरी नेतो. आमच्यात खाऊन-पिऊन मरेल, आईबापाशेजारी पुरू." मी म्हटलं, नेऊन दाखव. तोवर आमच्या मंडळीचे वडील आणि दोन-तीन पुरुष येऊन माझ्या मागे उभे राहिले होते. एकटा माणूस, काय करणार. गेला.

ऊन उतरलं, शब्बाथ लागला – आमचा शनिवार शुक्रवारी सांजेलाच सुरू होतो. मी दिवा लावून गीतं म्हटली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

८ जून, शनिवार

उपासनेत मंडळीच्या वडिलांनी माझं नाव घेतलं. "अशी लेक घरोघर असावी." मी मान खाली घातली. पण फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. प्रभू, हीसुद्धा एक भूकच का?

असेल. पण या भुकेत खवले नसलेलं काही नाही.

१० जून, सोमवार

कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते.

मेलेला माणूस झोपतो. प्रभू येईल, तुतारी वाजेल, आणि जे त्याचे आहेत ते कबरीतून उठतील. यावर माझा जीव टांगलेला आहे. आमचं कबरस्तान उगवतीच्या उतारावर. तिथे मी जागा बघून ठेवली आहे, आईची आणि तिला लागून माझी. आई उठेल, इकडेतिकडे बघेल, तर पहिली मी दिसेन. माझा भाऊ नेल्सन नाही. तो तिकडे राजधानीत, होनियारात बिअर ढोसत बसलाय, तो काय उठतोय!

आयुष्यभर तिच्या तोंडी नेल्सन. मासा आला की डोकं नेल्सनला, शेपूट मला. मी लग्न केलं नाही, तिच्यापाशी राहिले, तिचं हगणंमुतणं काढते, आणि झोपेत ती हाक मारते ती त्याला. इथे मला ती मिळाली नाही. तिथे मिळेल. तिथे आम्ही दोघीच असू आणि तिला दुसरीकडे बघायला कोणी नसेल. याहून जास्त मी स्वर्गात काही मागत नाही.

आणि हे सगळं मी एका चिंबोरीपायी घालवू?

१२ जून, बुधवार

झालं ते लिहिते.

सकाळी तिचं तोंड पुसायला गेले. ती स्वतःचीच बोटं चोखत होती. एकेक बोट दातांत धरायची, नांगी फोडतात तसं चावायची, मग सुर्रकन ओढायची. डोळे मिटलेले, हनुवटीवर लाळ. इतकं सुख तिच्या तोंडावर मी उपासनेत कधी पाहिलं नाही.

मी म्हटलं, आई, बस. ती म्हणाली, "घे ना, तुला पण देते," आणि ओलं बोट माझ्या तोंडाशी आणलं.

हातावर मारलं. तरी हसत होती. मग तोंडावर मारलं. दोनदा. जोरात लागलं असावं, ओठ फुटला.

रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग दोन्ही हात गोधडीखाली घेतले. लेकराला शिस्त लावताना मारतातच की. आता ती लेकरूच आहे. तिच्या आत्म्यासाठी मारलं. माझ्यासाठी नाही.

प्रार्थनेला बायका आल्या तेव्हा सांगितलं, झोपली आहे.

१३ जून, गुरुवार

आज मागितली नाही.

१४ जून, शुक्रवार

आजही नाही! मी उपास धरला होता. प्रभूने ऐकलं.

१५ जून, शनिवार

दुपारी पाळकसाहेब आले. आईजवळ चटईवर बसले, हात हातात घेतला. "केझियाबाई, प्रभूवर भरवसा आहे ना?" आहे. "पापांची क्षमा मागितलीत ना?" मागितली. "काही खावंसं वाटतं का?" आईने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, नाही, काही नको.

इतकी स्वच्छ बोलली! मला रडू आलं. पाळकसाहेब ओठाकडे बघून म्हणाले, हे काय लागलं? मी म्हटलं, पडली.

धक्क्यापर्यंत पोचवायला गेले तेव्हा विचारलं, उठेल ना ती? म्हणाले, "एडिना, शेवटपर्यंत टिकेल तो तरेल. आणि तुझ्यासारखी राखण असल्यावर कशी टिकणार नाही?" होडी दिसेनाशी होईस्तोवर मी तिथेच उभी होते.

मामाची मोठी होडी आली नाही. नुसत्या गप्पा.

१७ जून, सोमवार

काहीच खात नाही. चिंबोरी मागत नाही तसं दुसरंही काही मागत नाही. रताळं नको, केळं नको, खवल्याचा चांगला मासा शिजवला, काटे काढून दिला, तो गालात तसाच धरून ठेवला. मी बाहेर जाऊन आले तरी तिथेच. बोट घालून काढावा लागला. पाणी मात्र पिते. "पी" म्हटलं की पिते.

सांगेन ते करते आता. कूस बदल म्हटलं की बदलते. आमेन म्हण म्हटलं की म्हणते. मला हेच हवं होतं ना? मग सकाळपासून मी तिच्या ओठाकडे बघायचं का टाळते आहे?

झोपेत तिचं तोंड हलतं. तेवढंच हलतं. जागी झाली की बंद.

१८ जून, मंगळवार

हे मी बागेतल्या खोपटात बसून लिहिते आहे. चुलीवर चिंबोरी आहे.

हो. मीच.

रूथला आईजवळ बसवलं, रताळी खणायला जाते म्हटलं. ओहोटी होती. होडी कांदळवनात घातली आणि गुडघाभर चिखलात उतरले. मला कुठे ठाऊक कशी धरतात! रविवारवाल्यांची शेंबडी पोरं धरतात. बिळात काठी घातली, काठी धरून ठेवली तिने, मी हात घातला. अंगठा फोडला. रक्त बघून मी हसले, एकटीच, चिखलात उभी राहून. मादी आहे की नर तेही कळत नाही. भरलेली असावी, जड लागली.

तर प्रभू, ऐक. तुझ्याशी मी कधी घासाघीस केली नाही. पण ती अशी गेली तर मला सहन होणार नाही. ती हसत होती तेव्हा मी मारलं. शिस्तीसाठी नाही मारलं. तिला माझ्यावाचून सुख झालेलं मला बघवलं नाही, म्हणून मारलं. तुला ठाऊकच होतं.

हा घास मी तिला भरवणार. तिला समज नाही, म्हणून दोष तिचा नाही, माझ्या नावावर लिही. तिला उठव. मला नाही उठवलंस तरी चालेल. ती जागा मी सोडते. तिथे ती डोळे उघडेल तेव्हा नेल्सन दिसू दे, नाहीतर पिकोमामा दिसू दे, कुणी का दिसेना. फक्त एकदा तिला त्या दिवसासारखं हसताना बघू दे, आणि ते हसू माझ्या हातून होऊ दे.

वास सुटलाय. माझ्या तोंडाला पाणी सुटतंय, काय सांगू. चाखली नाही.

लाल झाली. केळीच्या पानात बांधते आणि जाते.

२० जून, गुरुवार

आई काल गेली. आज पुरली.

चिंबोरी खाल्ली नाही. परवा रूथ गेल्यावर मी सोलून घास ओठाला लावला. वास तिला कळला, नाकपुड्या हलल्या, तोंड उघडलंसुद्धा. मग घट्ट मिटून घेतलं आणि दाराकडे बघायला लागली. "नको गो बाय. ती येईल."

कोण येईल, आई?

"माझी मुलगी. ती मारते."

म्हटलं, ती नाही येणार आता. ती लांब गेली. खा. तर माझा हात ढकलून कुजबुजली, "तूपण जा इथून. तुलाही मारेल."

कबरीवर पाळकसाहेब म्हणाले, केझियाबाईंनी शेवटपर्यंत अशुद्ध घासाला तोंड लावलं नाही, याचं श्रेय त्यांच्या लेकीला आहे. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणाले.