परसातली पक्की न्हाणी

आबा,

रहाटणीच्या घरामागची न्हाणी गेल्या आठवड्यात पाडली. धाकट्याच्या मुलाला त्या जागेवर इमारत उठवायची आहे. त्याचा फोन आला होता. म्हणाला, "आत्या, विटा अजून खणखणीत हायेत बघ. एक फुटली न्हाई. तुला पाहिजेत का चार-दोन, आठवण म्हणून?" मी नको म्हटलं, तर बिचारा हिरमुसला. आजोबांनी लाडक्या लेकीसाठी बांधलेली न्हाणी, तेव्हा आत्याला भरून येईल, असं त्याला वाटलं असणार. त्याचा काही दोष नाही. तुम्ही साऱ्या गावाला जे सांगत होता, तेच त्याच्याही कानावर आलेलं आहे. खरं काय ते माहीत असलेली आता मी एकटीच उरले, आणि ज्यांना ते सांगायचं राहिलं ते तुम्ही.

पवनेच्या काठी आपली वीटभट्टी होती आणि पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहत होता. तुमची लॉरी दिवसाकाठी तिकडे खेपा टाकायची. तिथल्या कुणा साहेबाने तुम्हाला विचारलं, मुलं काय करतात, आणि मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आले हे ऐकून तो म्हणाला, मग तिला डॉक्टर करा. साहेब म्हणाला म्हणून तुम्ही केलंत. आपल्या वाडीत सातवीपुढे गेलेली मुलगी नव्हती त्या काळात, पन्नास सालानंतरची ती पहिलीच वर्षं, तुम्ही मला पुण्याला कॉलेजात घातलंत, वसतिगृहात ठेवलंत, भावकीची तोंडं बंद केलीत. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मध्येमध्ये लिहावं लागणार नाही.

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला शरीररचना हा मुख्य विषय. सकाळी व्याख्यान आणि मग डिसेक्शन हॉल. लांबलचक खोली, उंच खिडक्या, दगडी टेबलं, प्रत्येक टेबलावर एक प्रेत आणि त्याच्याभोवती आम्ही पाच-सहा जण. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे, नाक गळायचं. पहिल्या दिवशी दोन मुलगे बाहेर जाऊन ओकले. मी नाही ओकले. मला त्या खोलीत, खरं सांगायचं तर, फार आनंद झाला. कातडी बाजूला केली की आत सगळं किती नीट बसवलेलं असतं, कुठली शीर कशाच्या खालून जाते, कुठला स्नायू कशाला धरून असतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि आता ते माझ्या बोटांखाली होतं. त्या शनिवारी गाडीने चिंचवडला उतरून चालत घरी आले ती हे सगळं तुम्हाला सांगायला. ओसरीवर बसून मी बडबडत होते आणि तुम्ही पानाला चुना लावत ऐकत होता.

"हात लावतीस?" तुम्ही विचारलंत.

"लावावाच लागतो, आबा. त्याशिवाय कसं कळणार?"

"कुणाचा आसतोय त्यो?"

"बेवारस असतात. दवाखान्यातून येतात."

"कुठल्या जातीचा?"

"ते कुणी विचारत नाही. आणि विचारलं तरी तो काय सांगणार?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमची बहीण, आमची आत्या, दारात उभी होती. नवरा गेल्यापासून ती आपल्याकडेच राहायची आणि देवघर, स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. ती पुढे झाली, माझ्यासमोरचं पाण्याचं भांडं पदराने उचललं आणि परसात नेऊन राखेने घासायला टाकलं. तुम्ही पान तोंडात घातलंत.

पुढच्या शनिवारी आले तर परसात न्हाणी उभी. आधी नुसता कुडाचा आडोसा होता, सगळ्या गावाचा तसाच होता. तुम्ही भट्टीतल्या एक नंबर विटा निवडून घेतल्या होत्या, आत दगडी फरशी, कोपऱ्यात पाण्याचा रांजण, वर पत्रा. माणसं बघायला येत होती. "लेकीसाठी बांधली," तुम्ही सांगत होता, "पुण्याला ऱ्हाती, तिला आता उघड्यावर आंघोळ चालंल व्हय?" बायका तोंडात बोटं घालत होत्या. मलाही क्षणभर खरंच वाटलं. मग घरात पाऊल टाकायला निघाले तेव्हा तुम्ही उठलात आणि म्हणालात, "आदी परसात जा. डोक्यावरनं आंघोळ कर, लुगडं बदल, मगच उंबऱ्याला शिव. मढ्याला लागल्यालं हात हायेत ते." बाहेरून वळसा घालून जायचं, घरातून नाही. तिथून आल्यावरही ओसरीपर्यंतच. स्वयंपाकघर आणि देवघर दुसऱ्या दिवशीची आंघोळ झाल्यावर. जेवण मला उंबऱ्याबाहेर, भाकरी वरून ताटात टाकलेली. सोमवारी पहाटे परत पुण्याला, म्हणजे घर म्हणून माझ्या वाट्याला एक रविवार यायचा.

तुम्हाला न्हाणीतली एक गोष्ट माहीत नव्हती. मी आत गेले की आई गरम पाण्याची घागर घेऊन मागोमाग यायची. बाहेरच्यांना दिसायला पाणी द्यायला. आत आल्यावर दार लावायची, माझी पाठ चोळायची, केसांना शिकेकाई लावायची, नखं धरून बघायची. म्हणायची, "बोटं किती सुकल्यात गं तुझी. तिथं काय लावाय देत न्हाईत का?" मी म्हणायचे, आई, तुला बाधेल. ती म्हणायची, "हितं कोण बघतंय? मी पण दोन तांबे घेते आंगावर, झालं." आणि घ्यायची. ओली होऊन बाहेर यायची आणि आत्याला सांगायची की पोरीने पाणी उडवलं. त्या वर्षात आईने मला जेवढा हात लावला तेवढा त्या चार भिंतींत. तेवढ्यापुरती तुमची न्हाणी चांगली होती.

मग आम्ही मांडी शिकायला घेतली. जांघेच्या घडीच्या जरा खाली, आतल्या बाजूला, एक बारीक वाट असते. शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला एकेक करून तिथे करंगळी घालायला लावली. ते म्हणाले, इथून आतड्याचा तुकडा खाली उतरतो आणि अडकतो. बायकांत जास्त. लिंबाएवढी गाठ येते, दुखते, पोट फुगतं, उलट्या थांबत नाहीत, आणि जागा अशी की बाई कुणाला दाखवत नाही. वेळेत कापलं तर वाचते. नाहीतर आतडं आत काळं पडतं. "पोट दुखणाऱ्या बाईची जांघ बघितल्याशिवाय कधीही घरी जाऊ नका," ते म्हणाले. मी ते वहीत लिहूनही घेतलं नाही, लिहायची गरजच वाटली नाही.

हे शिकून पंधरवडाही झाला नव्हता. शनिवारी घरी आले तर न्हाणीत गरम पाणी आलं नाही. मी गारच पाणी घेतलं, लुगडं बदललं, आणि ओले केस घेऊन माजघराच्या दाराशी आले. आई आत घोंगडीवर पडली होती. शुक्रवारपासून पोट दुखत होतं, पाणी ठरत नव्हतं. आत्याने ओवा दिला होता, मग एरंडेल दिलं होतं. शेजारच्या दोघी बसल्या होत्या. आईचं पोट लुगड्याखाली फुगलेलं मला दारातून दिसत होतं. मी आत पाऊल टाकणार तोच तुम्ही चौकटीला हात लावून आडवे झालात.

"तू आत यायचं न्हाई."

"आबा, मी आंघोळ केली आहे."

"आंघोळीनं घराला चालतं. आजाऱ्याला बाधतं."

"मला फक्त एकदा पोट बघू द्या. एकदा हात लावू द्या."

"कशाकशाला हात लावला तेवढा बास झाला," आत्या आतून म्हणाली. "म्हणूनच ह्ये घरात आलंय."

मी दारातूनच ओरडून विचारलं, आई, जांघेत गाठ आली आहे का? दुखते का तिथे? शेजारणींनी माना खाली घातल्या. आईने माझ्याकडे पाहिलं आणि एक हात हळूच लुगड्याच्या निऱ्यांकडे नेला. मग तिला तुम्ही दिसलात, आणि तो हात तिने पदरावर आणला, पदर नीट केला. तुम्ही माझ्याकडे वळलात. "बापाम्होरं आसलं बोलत्यात? ह्ये शिकवत्यात तिथं?" तुमचा आवाज चढला नव्हता. तुम्हाला माझी शरम वाटली होती. मी म्हटलं, लॉरी काढा, आत्ताच्या आत्ता पुण्याला नेऊ, मोठ्या दवाखान्यात, मी तिथल्या डॉक्टरांना ओळखते. लॉरी समोर भट्टीवर उभी होती. सोमवारच्या खेपेसाठी भरलेली होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पोट हाय, उतरंल. सकाळच्याला बघू."

पुढे एका मैत्रिणीने मला विचारलं, की तू तो हात ढकलून आत का नाही गेलीस? तिचे वडील पुण्यात वकील होते. आपल्या घरात तुमचा हात कुणी ढकलला होता, ते तुम्हीच सांगा.

सकाळी आईचं दुखणं थांबलं होतं. तुम्ही मला ओसरीवर येऊन सांगितलंत, बघ, उतरलं. दुखणं असं एकाएकी का थांबतं हेही सरांनी सांगितलं होतं. आतडं मेलं की दुखत नाही. मी पुन्हा लॉरीचं बोलले, तुम्ही पुन्हा भट्टीकडे पाहिलंत. दुपार व्हायच्या आत आई गेली.

आणि मग, आबा, मग तुम्ही मला आत बोलावलंत. अंगावर सगळं झालेलं होतं, वास येत होता, शेजारणी मागे सरकल्या होत्या, आत्या तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली होती. सवाष्ण गेली, आंघोळ तर घालायलाच हवी. तुम्ही खाली बघत म्हणालात, "न्हाणीत न्या. पक्का आडोसा हाय." आणि मग, "पोरीला घालू द्या. तिला सवय हाय मढ्याची."

कालपर्यंत बाधणारे हात ते हेच. मी आईला त्या फरशीवर आंघोळ घातली. पाठ चोळली, केसांना शिकेकाई लावली, नखं साफ केली. आणि उजव्या जांघेत, सरांनी जिथे बोट ठेवायला लावलं होतं अगदी तिथे, माझ्या बोटांना गाठ लागली. घट्ट होती. मी दार आतून लावलेलं होतं, त्यामुळे किती वेळ बसले ते कुणाला कळलं नाही. मग तिला हिरवं लुगडं नेसवलं, हळदकुंकू लावलं आणि दार उघडलं. कदाचित पुण्याला नेऊनही ती वाचली नसती. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे, पण तुमच्या तोंडून ते एकदाही ऐकलं नाही. तुम्ही म्हणत राहिलात, वेळ आली होती तिची.

मी शिकले. तुम्ही गावभर "आमची डॉक्टरीण" करत राहिलात. पण जिवंत माणसाला मी कधी तपासायला बसले नाही. तुम्ही म्हणाला होता तशी मढ्यांचीच सवय ठेवली. त्याच हॉलमध्ये शिकवायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच शिकवलं. मांडी आली की प्रत्येकाला, न चुकता, करंगळी घालायला लावायची. कुणी आढेवेढे घेतले तर मी फार रागवायचे, मुलं मला घाबरायची.

तुमची छाती भरली तेव्हा धाकट्याचा निरोप कॉलेजात आला. मी हॉलमधून उठले तशीच निघाले. हात नुसते पुसले होते. मुद्दाम धुतले नाहीत. सगळ्या रस्त्याने मनात घोळवत होते की तुम्ही परसाकडे बोट दाखवाल, आणि मग मी काय बोलेन. वाक्यं तयार होती. आत्या तेव्हा हयात नव्हती. मी सरळ पुढच्या दाराने आत आले, उंबरा ओलांडला, माजघरात तुमच्या खाटेशी येऊन उभी राहिले. साडीला फॉर्मॅलिनचा वास येत होता, तुम्हाला आला असणारच. तुम्ही डोळे उघडलेत आणि मनगट पुढे केलंत.

"आलीस? बघ गं जरा. हितं धर."

मी धरलं. छातीवर हात ठेवला, पोट दाबून पाहिलं. तुम्ही म्हणालात, "गार हाय हात तुजा. बरं वाटतंय." काही विचारलं नाहीत. न्हाणीचं नावही काढलं नाहीत. इतकं सोपं होतं ते, आबा. आईच्या वेळी चौकटीला लावलेला तो हात तुम्ही असाच खाली घेऊ शकत होता. माझी तयार वाक्यं तशीच राहिली आणि दोन दिवसांत तुम्ही गेलात. त्या सोपेपणासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि आता या वयात ते जमेल असंही वाटत नाही.

हे पत्र घडी करून कपाटात जाईल. कुठे टाकायचं ते? पण फोनवर धाकट्याच्या मुलाला जे सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. निवृत्तीनंतर संत तुकाराम नगरात घर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी बरीच घरं पाहिली. काही चांगली मोठी होती, उजेडाची होती. हे अंधारं आहे, जिनाही चढावा लागतो. हे का घेतलं असं सगळ्यांनी विचारलं, आणि मी बाजार जवळ आहे असं काहीतरी सांगितलं. ह्या घराला दारातून आत आलं की पहिलं न्हाणीघर आहे. स्वयंपाकघर त्याच्या पुढे. मी एकटी राहते, प्रेताला हात लावून वर्षं झाली, तरी बाहेरून आले की आधी तिथेच जाते.