फाटक मी उघडले

मी, बाळाजी त्र्यंबक गायधनी, वय वर्षे सदुसष्ट, निवृत्त तुरुंगाधिकारी, राहणार जेल रोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलसाहेब म्हणाले, एवढी गरज नसते. पण सरकारच्या एका चौकशी समितीने १९९६ साली माझ्याबद्दल ‘सदर अधिकारी गोंधळलेल्या मनःस्थितीत होता’ असे छापून ठेवले आहे, आणि सरकारी छपाई सहसा पुसली जात नाही.

हे माझे पहिलेच मृत्युपत्र असल्याने रद्द करण्यासारखे आधीचे मृत्युपत्र नाही. आधीचा एक जबाब आहे. तो या कागदाने रद्द करतो. कोणता, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. माझी पत्नी इंदिरा २००२ साली वारली. मुलगा आल्हाद पुण्यात कंपनीत आहे, मुलगी यशश्री देवळाली कॅम्पला शाळेत शिकवते. दोघेही गुणी आहेत. पैकी यशश्री भेटायलाही येते. इंदिरेचे सर्व दागिने यशश्रीला द्यावेत. पुस्तकांचे कपाट आणि स्कूटर आल्हादला. गेल्या दिवाळीत त्याने विचारले, “बाबा, घराचं काय ठरवलंय?” मी म्हणालो, “विचार चाललाय.” तो म्हणाला, “मी आपलं सहज विचारलं.” सहज विचारणारा माणूस छताची ओल बघत फिरत नाही, एवढे मला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे. घराचे पुढे सांगतो.

कलम दोन. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल आमच्या खात्याच्या त्या वेळच्या मंत्र्यांना, म्हणजे धाकट्या साहेबांना परत करावी. नाव लिहू नका, असे वकिलांनी बजावले आहे. तसेही नावे बदलत राहतात, खुर्च्या त्याच असतात. शाल अंगावर घ्यायच्या उपयोगाची नाही, टोचते. साहेबांची कातडी पाहता त्यांना त्रास होऊ नये.

कलम तीन. कपाटाच्या खालच्या खणात वर्तमानपत्रांच्या कात्रणांची जाडजूड फाईल आहे. तीही साहेबांनाच. आपण कोणत्या तारखेला काय बोललो होतो हे त्यांना आठवत नाही, असे त्यांनी विधानसभेत तीनदा सांगितले. या फाईलने सोय होईल. मुलांना मात्र ही हकीकत कधी नीट सांगितली नाही, म्हणून इथे लिहितो.

ऑक्टोबर १९९५. माझी नेमणूक नाशिकपासून दूर, राज्याच्या सीमेवरच्या एका जिल्ह्यातल्या तुरुंगात होती. जंगलातल्या एका सशस्त्र टोळीचे तिघेजण माझ्या ताब्यात होते. त्यातलाच एक यादव, टोळीचा म्होरक्या. टोळीने एके दिवशी पाटबंधारे खात्याची जीप अडवली आणि आतला इंजिनिअर व ड्रायव्हर बहिरू यांना पळवून नेले. निरोप आला: आमचे तिघे सोडा, तुमचे दोघे घ्या.

पहिले चार दिवस सरकार अगदी ठाम होते. कायद्यापुढे कुणी झुकणार नाही, अशी रोज पत्रके निघत. पाचव्या दिवशी कळले की इंजिनिअर हा मोठ्या साहेबांच्या, म्हणजे सरकारच्या प्रमुखांच्या, मेहुण्याचा जावई आहे. त्या दुपारपासून सरकारला माणुसकी आठवू लागली. सर्वपक्षीय बैठक झाली. विरोधी पक्षाचे पुढारी टेबलावर हात आपटून म्हणाले, “काय वाट्टेल ते करा, पण आपली माणसं जिवंत आणा.” बैठकीचे इतिवृत्त कुणी लिहिले नाही. अनुभवी मंडळी होती.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी बारा चाळीसला मी डबा उघडत होतो, तेव्हा टेलिफोन वाजला. स्वतः धाकटे साहेब बोलत होते.

“गायधनी, त्या तिघांना सोडा. पोलीस पार्टी न्यायला येतेय.”

“साहेब, तिघांवर खटला चालू आहे. कोर्टाचा हुकूम लागेल. निदान आपलं लेखी…”

“लेखी मागून येईल. तिकडं माणसं मरायला टेकलीत आणि तुम्ही कागद मागताय?”

“रजिस्टरला नोंद काय करू, साहेब?”

“तुम्ही अनुभवी आहात.” टेलिफोन बंद झाला.

या वाक्याचा अर्थ आमच्या खात्यात लहान शिपायालाही कळतो. निस्तरायचे तुम्ही.

पोलीस पार्टी दीड वाजता आली. तिचा प्रमुख हवालदार सावळीराम गांगुर्डे, मूळचा आमच्याच जिल्ह्यातला, पिंपळगाव बसवंतच्या बाजूचा. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. त्याने एकच विचारले, “साहेब, सुटकेचा कागद?”

“मागून येतोय,” मी म्हणालो.

त्याने रजिस्टर स्वतःकडे ओढले. मग म्हणाला, “तुमी म्हणताय तर घेतो.” त्याने सही केली. मी रजिस्टरला ‘मंत्रीमहोदयांच्या दूरध्वनीवरील आदेशाने’ असे लिहिले आणि फाटक उघडायला लावले. संध्याकाळी नदीच्या पुलावर अदलाबदल झाली. इंजिनिअर आणि बहिरू दोघेही धडधाकट परत आले.

पुढचे तीन दिवस या निर्णयाला बाप इतके, की मोजता येईनात. मोठे साहेब म्हणाले, मी रात्रभर जागा होतो. धाकटे साहेब म्हणाले, मी पुढाकार घेतला. विरोधी पुढारी म्हणाले, आमच्या रेट्यामुळे झाले. दिल्लीकरांनीही अभिनंदनाची तार पाठवली. सत्कारात जावईबापूंच्या गळ्यात सात हार पडले आणि बहिरूच्या हातात एक नारळ.

आठ महिन्यांनी यादवच्या टोळीने आणखी एक साथीदार सोडवण्यासाठी घाटात पोलिसांच्या गाडीवर गोळीबार केला. त्या गाडीत सावळीराम होता. तो जागच्या जागी गेला.

त्या दिवशी तो निर्णय पोरका झाला. मोठे साहेब म्हणाले, मी त्या दिवशी लग्नाला गेलो होतो, मला नंतर समजले. धाकटे साहेब म्हणाले, निर्णय सामूहिक होता, मी एकटा कोण? विरोधी पुढारी म्हणाले, ही शरणागती आहे, आणि त्यांनी मोर्चा काढला. बैठकीचे काय, असे विचारल्यावर म्हणाले, बैठकीत फक्त चहा झाला. दिल्लीकर म्हणाले, कायदा व सुव्यवस्था हा राज्याचा विषय. सचिव म्हणाले, फाईल माझ्याकडे आलीच नव्हती. हे एकटे खरे बोलले, कारण फाईलच नव्हती.

मग समिती बसली. तिच्या अहवालातले वाक्य मला पाठ आहे: ‘कैद्यांच्या सुटकेचा निर्णय कोणत्याही स्तरावर झाल्याचे आढळत नाही. तथापि फाटक उघडल्याचे आढळते.’ मी निलंबित झालो. रजिस्टरचे ते पान समितीकडे गेले आणि परत आले नाही.

कलम चार. इथवर वाचून माझी कीव आली असल्यास आवरावी.

जानेवारी १९९७ मध्ये धाकट्या साहेबांचे स्वीय सहायक याच घरी आले. गोड बोलणारे गृहस्थ. इंदिरेने केलेल्या पोह्यांची तारीफ केली, दोन वेळा घेतले. मग टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. त्यात असे होते की, मला कुणाचाही टेलिफोन आला नाही. सुटकेचा कागद आपल्याजवळ आहे असे हवालदार गांगुर्डे यांनी सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

मी म्हणालो, “हे खोटं आहे.”

ते म्हणाले, “खोटं कुणाला त्रास होईल तेव्हा. गांगुर्डे तर आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो? तुमच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे ना? निलंबित बापाच्या मांडवात…” वाक्य त्यांनी पुरे केले नाही. सुसंस्कृत होते.

ते बाहेरच्या खोलीत थांबले असताना इंदिरा मला आत बोलावून म्हणाली, “अहो, त्या हवालदाराला बायको असेल ना?”

मी म्हणालो, “असेल.”

आणि बाहेर जाऊन सही केली.

निलंबन उठले. लग्न थाटात झाले. पुढे पेन्शन मिळाली, शाल मिळाली. मोठ्या साहेबांनी धाकट्यावर, धाकट्याने बैठकीवर, बैठकीने माझ्यावर ढकलले होते. मी ते मेलेल्या माणसावर ढकलले. त्याच्याखाली कुणी नव्हते म्हणून ते तिथे थांबले. पुढाऱ्यांना हसणारी माझी वरची तीन कलमे या उजेडात पुन्हा वाचावीत.

सावळीरामच्या नावापुढे ‘कर्तव्यात कसूर’ असा शेरा पडला. त्याच्या बायकोला, लंकाबाईंना, शहिदाच्या कुटुंबाचे काहीही मिळाले नाही. मुलगा ज्ञानेश याला नोकरी नाकारली गेली. गावात बोलवा उठली की, सावळीरामने टोळीकडून पैसे खाल्ले होते आणि वाटणीवरून मेला.

यातले मला सात वर्षे काही ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेतले नाही, हे जास्त खरे. २००३ च्या सिंहस्थात धाकटे साहेब रामकुंडावर बंदोबस्तात डुबकी मारायला आले, ते मी टीव्हीवर पाहिले आणि म्हणालो, बघा, पाप धुतोय. इंदिरा असती तर तिने माझ्याकडे नुसते पाहिले असते.

पुढच्या वर्षी बहिरू दारात उभा राहिला. निवृत्त होऊन एकलहऱ्याला मुलाकडे राहायला आला होता. पत्ता काढत आला.

“साहेब, तुमी दार उघडलं म्हणून मी जिता हाय. पाया पडाया आलो.”

चहा घेताना म्हणाला, “पुलावरनं मला सावळीरामनंच आणलं, म्हणून मी दर दिवाळीला लंकाबाईकडं जातो. लोक तिच्या नवऱ्याबद्दल लय वाईट बोलत्यात. मला नाय पटत. तुमी तर तितंच व्हता. तुमाला काय वाटतं?”

मी म्हणालो, “बघू.” तीस वर्षे मंत्रालयाची पत्रे वाचलेला माणूस दुसरे काय म्हणणार. तो गेल्यावर आठवडाभर मला जेवण गेले नाही. मग मीच निरोप धाडून त्याला बोलावले आणि सगळे सांगितले. त्याने कप खाली ठेवला. मग उठला.

“चला.”

“कुठं?”

“पिंपळगावला. आजच.”

लंकाबाई तिथल्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करत होत्या. घडातले खराब मणी कात्रीने काढायचे काम. मी समोर उभा राहून जबाबाची गोष्ट सांगितली. त्यांची कात्री थांबली नाही. शेवटी म्हणाल्या, “त्यांनी काय केलं नाय, हे मला ठावंच हाय. मला सांगून काय उपेग? गावाला सांगा.”

रविवारी गावच्या मारुतीच्या पारावर मी सगळ्यांसमोर सांगितले. पारावर पाऊणशे माणसे होती. एका म्हाताऱ्याने विचारले, “मंग इतकी वर्षं का नाय बोलला?”

“मुलीचं लग्न होतं,” मी म्हणालो.

मागे कुणीतरी हसले. हसण्यासारखेच होते. त्यानंतर ज्ञानेश दोन कप चहा घेऊन आला. म्हणाला, “आईनं पाठवलाय. इथंच घ्या, घरात नका येऊ.” आम्ही पारावर बसून चहा घेतला. आयुष्यात मला एवढा योग्य पाहुणचार कुणी केला नाही.

कलम पाच. सगळी हकीकत मी २००५ साली प्रतिज्ञापत्रावर लिहून त्याची प्रत खात्याला पाठवली. अकरा महिन्यांनी उत्तर आले की, संबंधित धारिका आढळून येत नाही. माझी पेन्शन त्यांनी बंद केलेली नाही. ती बंद करायची तर माझे म्हणणे खरे मानावे लागेल, आणि तेवढी किंमत मोजायला खाते तयार नाही. ज्ञानेशने त्याच प्रतिज्ञापत्राच्या आधारे कोर्टात दावा लावला आहे. शेरा काढण्याची त्याची मागणी सुनावणीस घेतली गेली आहे. मी निकालापर्यंत राहिलो नाही, तर मूळ प्रत यशश्रीने कोर्टात हजर करावी. माझ्या बँकेतल्या शिलकीवर त्या दाव्याच्या खर्चाचा पहिला हक्क राहील.

कलम सहा. राहते घर विकावे. निम्मी रक्कम लंकाबाई सावळीराम गांगुर्डे यांना द्यावी, उरलेली यशश्री व आल्हाद यांनी समान वाटून घ्यावी. लंकाबाईंनी आधी नको म्हटले. मी म्हणालो, हे दान नाही, उपकार तर नाहीच. त्या म्हणाल्या, “मंग ज्ञानेशच्या पोरीच्या शिक्षणाला लावीन. तुमचं नाव नाय सांगणार तिला.” ही अट मला मान्य आहे. आल्हादला यशश्री समजावेल. तिला मी हे सारे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ स्वतःच्या लग्नाचा फोटो बघत होती. मग म्हणाली, “बाबा, मला तेव्हा सांगायचं होतं. लग्न पुढं ढकललं असतं.” हे मला सुचलेच नव्हते. म्हणून या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी तिलाच नेमतो.

कलम सात. फाटक उघडल्याचा मला पश्चात्ताप नाही. बहिरूला चार नातवंडे आहेत, त्यातले एक माझ्या चष्म्याशी खेळते. तिघांना सोडल्यावर पुढे काय होईल हे मला कळायला हवे होते का, यावर मी बारा वर्षे विचार केला आणि उत्तर मिळाले नाही. पण ज्याने मला कागद विचारला, त्याच्याकडेच कागद असल्याचे मी लिहून दिले. त्याला कुठलीही समिती लागत नाही.

हे सर्व मी कुणाच्याही धाकाने वा आग्रहाने लिहिलेले नाही. ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, म्हणून लंकाबाईंना साक्षीला घेता आले नाही. खालील दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

ठिकाण: नाशिक रोड
दिनांक: १८ नोव्हेंबर २००७

लिहून ठेवणार: बाळाजी त्र्यंबक गायधनी

साक्षीदार:

१) डॉ. शुभांगी मधुकर वाघ, जेल रोड. त्यांनी माझ्यासमक्ष सही केली. प्रकृती व आकलन उत्तम.

२) बहिरू दगडू बेंडकुळे, निवृत्त वाहनचालक, एकलहरे. मला समदं वाचून दाखवलं. साहेबांनी सहीला ‘बा. त्र्यं.’ एवढंच लिवलं आन थांबले. मी इचारलं, दमला का? ते म्हनले, नाही, नोकरीत एवढीच सही करायचो, आज पूर्ण नाव लिहितो. मग त्यांनी सावकाश पुरं लिवलं.