एलपर्यंतचं लिनक्स

४ मार्च २०१३

कॉम्प्युटर मेला. व्हायरस! दर आठवड्याला डिस्कवरून मालिका भरून देणारा शेजारी एलिएसेर, त्याचीच कृपा. आणि मेला कधी, तर मायलेनचा पेनड्राइव्ह हातात पडला त्याच दिवशी. लेक राहते त्या परदेशातल्या क्विटोहून आलेल्या कुणा बाईने मोज्यात दडवून आणला. सोबत लेकीची चिठ्ठी — 'आई, यातला व्हिडिओ एकटीनेच बघ.' साडेतीन वर्षं तिचं तोंड पाहिलेलं नाही. फोनवर नुसतं 'बरं आहे, ठेवते.' दुसऱ्याच्या घरी बघायचा, तर अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन येईल.

एलिएसेर म्हणतो, 'बाई, विंडोज सोडा, लिनक्स घाला. व्हायरस नाही, फुकट, शिवाय स्वातंत्र्य!' स्वातंत्र्य म्हणे! याला बायकोला विचारल्याशिवाय केस कापता येत नाहीत.

६ मार्च

एलिएसेरने सीडी दिली. तिच्यावर कॉफीचा डाग. स्वतः बसायला तयार नाही — 'बाई, तुम्ही तीस वर्षं भूगोल शिकवलात, एवढं जमेल.'

मशीनने विचारलं, बाकीचं इंटरनेटवरून आणू का? मी आपली सभ्यपणे 'हो' म्हणाले. चाळीस मिनिटं शोधत बसलं. क्युबातल्या बयामोत, माझ्या स्वयंपाकघराशेजारी, इंटरनेट! शोध बाबा. शेवटी बंद करून पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला 'नाही'. तरी मध्येच अडकलं.

७ मार्च

वीज नाही. बरं झालं.

९ मार्च

लागलं! घड्याळ पाच तास पुढे दाखवतंय, पण लागलं — माझ्या एकटीच्या हातांनी. व्हिडिओवर टिचकी मारली, तर म्हणे हा चालवणारा प्रोग्रामच नाही.

एलिएसेर प्रोग्रामांची डिस्क घेऊन आला, छाती काढून. शोधतोय, शोधतोय... मग कान लाल. 'बाई, माझ्याकडे ए ते एलच आहे. डिस्क लहान, म्हणून आम्ही दोघांनी प्रोग्राम अक्षरांप्रमाणे वाटून घेतले. एमपासून पुढचं ओदालिसकडे.' आणि व्हिडिओ चालवायला मला हवा व्हीएलसी — व्हीवरून! दोन शहाण्यांनी मिळून एक कॉम्प्युटर करवतीने कापला. हसावं की झोडावं!

ओदालिस म्हणजे दातांची डॉक्टर. माझी जुनी विद्यार्थिनी. मला बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. तिच्या दारात मी जाणार नाही.

१२ मार्च

एलिएसेरला धाडलं. हात हलवत परत. 'ती म्हणते, बाईंना हवंय ना, मग बाईंनी यावं.' आगाऊ!

१३ मार्च

नाही जाणार.

१६ मार्च

गेले. लेकीचं तोंड बघायचंय, काय करता!

खुर्चीत एक माणूस आ वासून बसलेला. त्याच्यादेखतच म्हणाली, 'बाई, सातवीत मला नकाशावर क्युबा सापडला नाही. तुम्ही म्हणालात, हरकत नाही, क्युबालाही तू सापडणार नाहीस. वर्षभर पोरं मला हरवलेली म्हणून हाक मारत होती.'

मला काही आठवेना. पण वाक्य माझंच असणार. बरं जमलं होतं.

'इतक्या वर्षांनी काय ते!' मी म्हटलं. तिने डिस्क हातावर ठेवली. 'सोमवारी परत द्या.' माफी मागायला हवी होती का? खुर्चीतला माणूस मान हलवत होता. त्याला कोण विचारतंय!

१७ मार्च

व्हीएलसी चालला. मायलेन दिसली, मांडीवर एक मूल.

'आई, हा अमारू. माझा. दोन वर्षांचा झाला. तू काहीतरी बोलशील, म्हणून सांगितलं नव्हतं. निदान हे संपेपर्यंत तरी काही बोलू नकोस.'

तोवर मी तिच्या कापलेल्या केसांवर बोलून मोकळी झाले होते.