काट मारलेलं पान

मंगळ., ३१ डिसें.
आजपासून शाळेत. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, तरी फाटकातून शिरताना हात खिशाकडं गेला. खडू आहे का बघायला.
सातवीच्या कांबळे बाईंनी बोलावलंय. पोरांना लिहितं करा म्हणाल्या. संक्रांतीनंतर वर्गाचं हस्तलिखित काढायचंय. प्रत्येकाचं एक पान, पण स्वतःचं.
काल येळवस झाली, रानात पूजा-जेवणाची अमावास्या; तोच विषय दिला. एकवीस वह्या, एकच मजकूर. ‘आम्ही शेतात गेलो. खूप मजा आली. असा हा सण मला फार आवडतो.’ आधी हसू आलं, मग गेलं. ही वाक्यं माझीच. ह्यांच्या आईबापांना मीच फळ्यावर घालून द्यायचो.
बाविसावी वही कोरी. आरतीची. मागचा बाक, खिडकीशी.

गुरु., २ जाने.
सबंध सण नको म्हटलं, फक्त आंबिलाचं मडकं घ्या. कुणी डोक्यावर घेतलं, कुठं हिंदकळलं. आधी शेजाऱ्याला सांगायचं, शेजाऱ्यानं त्याच्याच बोलीत उतरवायचं. वर्गाचा बाजार झाला. बाई दारात, चेहरा उतरलेला. म्हटलं, होऊ द्या गलका. लिखाण तोंडातनंच हातात उतरतं.
विष्णूचं पान लई झकास. आजा बांधावर घसरला, आंबील धोतरावर. आजी म्हणली, “रानाला शिंपायचं, तुमी सवतालाच शिंपलाव.” ‘खूप मजा आली’ लिहायची गरजच पडली नाही.
आरतीनं शेजारणीचं सगळं उतरवलं, मोत्यासारखं अक्षर. स्वतः काही सांगितलं नाही.

शनि., ४ जाने.
सकाळची शाळा. कविता चालीवर म्हणून घेतली, सगळ्यांच्या आधी मीच सूर लावला. भूकंपानंतरच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची. ऊन चढलं की पत्रा तडतडायचा, आणि आम्ही कविता आणखी मोठ्यानं म्हणायचो. चाळीस गळे, एक चाल. अजून कानात आहे. त्यातले किती जण आता...
सास्तूरहून पेन्सिली आणल्या. लाल पेन बंद. वही वाचायची आणि जिथं पोरगं थांबलंय तिथं बारीक अक्षरात एकच शब्द लिहायचा. ‘मग?’ बाईंना पटेना. शुद्धलेखनाचं काय म्हणाल्या. म्हटलं, ते दुसऱ्या वाचनाला. आधी माणसाचं बोलणं तर होऊ द्या.

सोम., ६ जाने.
पान अजून कोरंच. मधल्या सुट्टीत टाकीजवळ आरती एकटी दिसली. का लिहीत नाहीस बाळ, विचारलं. तिनं आधी नळ बंद केला.
“आई म्हणती, मनाचं लिहायचं न्हाय. फळ्यावरचं लिहायचं. न्हायतर सर काट मारत्यात.”
कोणते सर? ते तिला ठाऊक नाही. आईच्या शाळेतले. आईचं नाव विचारलं.
सुनीता.
फळ्यावर मी आता काही घालत नाही, म्हणून पोरीचं पान कोरं.
जेवण गेलं नाही. घरी हिला सांगितलं, दाढ दुखतीय.

मंगळ., ७ जाने.
सगळं आठवलं. विसरलो होतो असंही नाही.
तेच शेड. विषय ‘आमचे घर’. जुन्या टाचणवहीतला निबंध मी जसाच्या तसा फळ्यावर घातला. ‘आमचे घर प्रशस्त आहे. अंगणात तुळस आहे. घरात आम्ही सर्व आनंदाने राहतो.’ पोरं माना खाली घालून उतरवत होती. एकाचंही घर उभं नव्हतं. माझंही. मला ते दिसलं नाही, का बघायचं नव्हतं, कोण जाणे.
सुनीता वेगळं लिहीत होती. मी वही ओढली, लाल काट मारली, खाली ‘विषय सोडून’. लिहिलंय काय ते वाचलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती. तेव्हा पुष्कळ पोरी सुटल्या, तशीच तीही, असं धरून चाललो. इतकी वर्षं.

गुरु., ९ जाने.
आज पोरांबरोबर मीही लिहिलं. फळ्यावर, सगळ्यांसमोर, खोडत खोडत. विषय ‘माझी चूक’. सर खोडतात हे बघून पोरांना भारी मौज. लिहिलं ते एवढंच : एका मुलीनं आपल्या घराचं लिहिलं, मी न वाचता काट मारली.
विष्णू मागून म्हणाला, “मग, सर?” वर्ग हसला. म्हटलं, पुढचं मला माहीत नाही रे.
फळ्यावरचं असून आरतीनं उतरवलं नाही. नुसती वाचत होती.

शनि., ११ जाने.
आरतीनं दप्तरातून जुनी वही काढली. खाकी वेष्टण, कडा कसरीनं खाल्लेल्या.
“आईनं दिलीय. तपासून द्या म्हणली.”
अजून काही म्हणाली का?
“म्हणली, सरांना म्हणावं गडबड न्हाय.”
घरी येऊन चष्मा पुसून वाचलं. लाल शाई आता विटकरी दिसते. तिच्या खालून अक्षर येतं. ‘आमच्या माळवदाला मधी एक खांब होता. दूध तापेपर्यंत आई मला त्याला टेकून बसवायची. त्या दिवशी मी खांबापाशी निजले होते आणि आई’
इथं पेन फरफटत कडेपर्यंत गेलंय. मी वही ओढली ती इथं.

सोम., १३ जाने.
दोन दिवस वही उशाशी. पत्र लिहायला घेतलं, चार कागद फाडले. क्षमा, पश्चात्ताप, अंतःकरण. सगळी फळ्यावरची वाक्यं.
शेवटी पेन्सिलीला टोक काढलं. ‘आणि आई’च्या पुढं, बारीक : मग?
वही आरतीकडं दिली. तिनं तिथंच उघडून बघितली. आईनं लिहिलं तर ते हस्तलिखितात लावायचं का, विचारू लागली. आईलाच विचार म्हटलं. आणि तुझं?
“आधी आईचं बघू द्या.”
उद्या संक्रांत, सुट्टी. परवा बाई हस्तलिखित शिवायला घेणार. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गठ्ठ्यात मधोमध दोन कोरी पानं घातली, समोरासमोर.