बराइटच्या चरात लागलेलं पाणी

ती. माणिकप्पा मामांच्या पायाशी भाचा वीरभद्र याचा शरणार्थ. मामींच्या गुडघ्यांना उतार पडला असेल. लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत तुम्हाला एव्हाना खुर्ची मिळाली का? (मागच्या खेपेला तुम्ही उस्मानाबादेहून आलेल्या दप्तरांच्या गठ्ठ्यावर बसून सह्या करत होता, म्हणून विचारतो.) मी इथे खुशाल आहे, काळजी नसावी.

तुम्ही शब्द टाकून मला या खनिज शोधायच्या कॅम्पावर हंगामी लावलंत. मार्चअखेर काम पुरं झालं तर भुजंगराव साहेब मला कायम करायची शिफारस करणार आहेत, आणि आई त्या दिवसाकडे डोळे लावून बसली आहे. उदगीर-मुखेड रस्त्यालगतच्या माळावर दोन महिने आम्ही दगड फोडतो आहोत. साहेब दोन गोष्टींच्या मागे आहेत. एक बराइट, म्हणजे पांढरट आणि आकाराच्या मानानं फार जड दगड. दुसरी दुर्मिळ मृदा. (ही काय चीज आहे ते साहेबांनी गावाला अर्धा तास समजावलं. धुरपताबाई म्हणून एक म्हातारी शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "माती लई पडलीय साहेब. दुर्मिळ पाणी हाय.") बराइटसाठी मी दवंडी दिली, की जड दगड आणील त्याला चहा. दुसऱ्या दिवशी तंबूपुढे फुटकी जाती, पाटे, एक दगडी उंबरठा आणि देवणी बैलांच्या गाडीतून आलेली अख्खी शिळा. ती उतरवायला आलेले सहा जणही चहाला बसले. साहेब मला जे बोलले ते वडीलधाऱ्यांना लिहिण्याजोगं नाही.

शेवटी ओढ्यापलीकडे चर खणला. चौदा फुटांवर पांढरी शीर दिसली, तेव्हा साहेब इतके हरखले की मला "वीरभद्रराव" म्हणाले. आणखी दोन फूट गेलो तर शीर पाण्याखाली! दुष्काळानं गावाच्या दोन्ही विहिरी कोरड्या, टँकर आठवड्यातून एकदा (आला तर), आणि पाणी लागलं ते आम्हाला, ज्यांना ते नको होतं. तासाभरात सगळं गाव घागरी घेऊन चरावर. धुरपताबाईनं आधी काठाला हळदकुंकू वाहिलं आणि मग माझी मोजमापाची टेप घागरीला बांधून पाणी शेंदलं.

साहेबांचं म्हणणं, इंजिन लावून पाणी उपसायचं, शिरेचे नमुने घ्यायचे आणि नियमाप्रमाणे चर बुजवून टाकायचा. नियम चांगलाच आहे, उघड्या चरात गुरं पडतात. पण बायकांची ती रांग पाहून माझ्याच्यानं गप्प राहवेना. मी म्हटलं, साहेब, आपली परवानगी लातूर जिल्ह्याची. हा तुकडा नांदेडात तर जात नाही ना? जिल्हा नवा, आपल्याजवळचा नकाशा जुना. (मी खोटं बोललो नाही, फक्त शंका काढली.) साहेब कागदाला फार भितात. तेव्हापासून काम बंद आहे आणि साहेब माझ्याशी बोलत नाहीत.

बाकी सर्व क्षेम. आईला सांगावं, मी वाळलेलो नाही.

आपला आज्ञाधारक,
वीरभद्र

ता. क. साहेबांचं शंकेचं पत्र आठवड्याभरात तुमच्याच टेबलावर येईल. चर लातूर जिल्ह्यातच आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तोंड उघडायच्या आधीच मी तलाठ्याला विचारलं होतं. तरी मृगाचा पाऊस पडेपर्यंत उत्तर जाऊ नये. पत्र नुसतं कुठेतरी ठेवून द्यावं. इतकं सोपं काम तुमच्याकडे आजवर कुणी आणलं नसेल.

ता. क. (दुसरा) काम अडलं की मार्चअखेर माझी नेमणूक संपते आणि कायम होणं राहून जातं. हे तुमच्या लक्षात येईलच, म्हणून मीच सांगतो. दोन दिवस हे पत्र टाकावं की फाडावं या विचारात होतो. आज सकाळी धुरपताबाईनं पहिली घागर घरी न नेता आमच्या तंबूपुढे आणून ठेवली. म्हणाली, "पाणी तुमी काढलं, आदी तुमी प्या." मला फार लाज वाटली, मामा. पाणी गोड आहे. उत्तर पाठवू नये.