पाच मिलिमीटर

प्रिय टाचणी,

खिळ्यांचे बूट चारशे बारा जोड. साधे धावायचे बूट सहाशेच्या वर (पहिल्या दोन वर्षांची नोंद नाही, म्हणून नेमका आकडा लिहीत नाही). पायांचे लाकडी साचे एकशे त्र्याण्णव जोड. तुझी पहिली चप्पल, तुझ्या आईची शिवणाची पेटी, आत्ता ज्यावर बसलोय ते तीन पायांचं स्टूल, आणि एक हिरवी वही, जिची बांधणीही माझीच. माझ्या दोन हातांनी केलेल्या वस्तूंची ही यादी मी आज सकाळी केली, कारण दुसरं काही हातून होईना. काल सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चामड्याला भोक पाडायची आरी अंगठ्यात घुसली. तुझी आई म्हणाली, वय झालं आता. मी म्हटलं, वय नाही, भीती. पट्टी बांधता बांधता तिचा हात थांबला. हा शब्द तिने माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मला कुणी शिकवलं नाही, हे तुला मी इतक्यांदा ऐकवलंय की तू कानावर हात ठेवायचीस. एक फाटका बूट टाका-टाका उसवून शिकलो. म्हणूनच मापाचा एवढा सोस. ज्याला गुरू नाही त्याने निदान आकड्यात तरी चुकू नये, असं मला वाटायचं. दर गिऱ्हाइकाचं वहीत एक पान. लांबी, रुंदी, टाच, तारीख. दर तीन महिन्यांनी पुन्हा माप. शाळेतून आलीस की फीत तू धरायचीस, आकडा मी लिहायचो. त्या धावणाऱ्या पोरीला ‘पावणेसहा’ हे नाव तूच दिलंस. उजवा पाय सहा नंबर, डावा पावणेसहा. ती अकराची होती, तू तेराची. तिला राग येईल म्हणून मी तुला दटावलं, तर तीच खो-खो हसली आणि पुढे सगळ्यांना तेच नाव सांगत सुटली. आज सारं जग तिला तिच्या पदकांवरून ओळखतं, पण आपल्या दुकानात ती पावणेसहाच.

चूक माझ्या हातून झाली, ती आधी लिहितो. मागच्या महिन्यात तू तुमच्या वाहिनीचा बातमीदार पाठवलास. वडिलांच्या कामाची चार माणसांना ओळख व्हावी, एवढंच तुझ्या मनात होतं, आणि मीही दाढी-बिढी करून, नवा सदरा घालून बसलो होतो. माणूस गोड होता. त्याने सहज विचारलं, मोठ्या माणसाचा पाय काही बदलत नसणार, मग सारखी मापं कशाला? मला हे सहन होतंय होय? मी म्हटलं, बदलतो, शिकलेल्या माणसांना माहीत नसतं इतकंच. आमच्या पावणेसहाचेच पाय गेल्या वर्षी तीन महिन्यांत रुंदावले. त्याने विचारलं, चारेक मिलिमीटर? तिथे मी गप्प बसायला हवं होतं. ‘चार नाही, पाच,’ मी म्हणालो. वर छाती काढून म्हणालो.

गेल्या वर्षी आठ महिने ती मैदानावर नव्हती. मांडीचा स्नायू दुखावला, असं तिने जाहीर केलं होतं. माझा तो ‘पाच’ आणि तिचे ते आठ महिने कुणीतरी शेजारी-शेजारी ठेवले, आणि आज पाचवा दिवस आहे, पडद्यावर दुसरं काही नाही. मूल कुठे आहे. कुणाचं आहे. प्रशिक्षकाचं घर, प्रशिक्षकाच्या बायकोचा चेहरा, आणि मधूनमधून माझा नवा सदरा. पाय रुंदावायची मला ठाऊक असलेली कारणं नऊ आहेत, गरोदरपण त्यातलं एक. बाकीच्या आठांमध्ये कुणाला रस नाही. तिचं कारण कोणतं, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. माप घेणाऱ्याने विचारायचं नसतं.

दुकानासमोर वाहिन्यांच्या गाड्या उभ्या आहेत. शेजारचा शिंपी म्हणतो, दादा, एवढ्या लोकांनी बूट घेतले असते तर दुकान दुमजली झालं असतं. परवा एक जण धावपटू म्हणून आत आला. पाय हातात घेतला आणि कळलं, हा आयुष्यात धावलेला नाही. टाचेला तासन्‌तास उभं राहणाऱ्याचे घट्टे. त्याची नजर सारखी खणांवर होती. मी पूर्ण माप घेतलं, कागदावर लिहिलं, त्याला दिलं आणि म्हटलं, साहेब, तुम्हाला बसायचं काम शोधायला हवं. तो गेल्यावर मात्र मी आतून कडी लावली आणि तशीच लावून ठेवली. दारावर टकटक झाली की हातोडी खाली ठेवतो आणि पावलं दूर जाईपर्यंत उचलत नाही. आई पडदे ओढून दिवा लावते, दुपारी बारा वाजता.

परवा फोनवर तू जे म्हणालीस ते मी मनात पुष्कळ घोळवलं. जाहिरातीत हसताना तिला कॅमेरा चालतो, मग आत्ताच का नको? लोकांच्या पैशावर धावते, खोटं कारण दिलं असेल तर लोकांना कळायला नको? लोक बघतात म्हणून आम्ही दाखवतो. सगळंच काही चूक नाही, बाळा. ती औषध घेऊन धावली असती तर मीच वही घेऊन तुमच्या दारात आलो असतो. प्रशिक्षकाने कुणा पोरीला त्रास दिला असेल तर दिवसभर दाखवा. पण तसं कोण म्हणतंय? जिला विचारायचं तिला सोडून सगळ्यांना विचारून झालं. मैदानावरची ती नवी धावपट्टी आठव. ऊन चढलं की तापायची, बूट न परवडणाऱ्या एकतीस पोरांच्या तळव्यांना फोड आले होते. एकेका फोडाचं माप मी तुला लिहून दिलं होतं. साहेबांशी भांडून तू ती बातमी लावलीस, हे मी विसरलेलो नाही. ती अकरा सेकंद चालली. घड्याळ लावून मोजले. पावणेसहाच्या बातमीची परवा एका दिवसात पाच तास बावीस मिनिटं झाली, तीही मोजली. खेळाची बातमी कोणती, हे मला शाळा न शिकलेल्याला या दोन आकड्यांवरून कळतं.

आज सकाळी तिची आई शिंप्याच्या मागच्या दाराने आली. चेहरा झाकून आली होती, जणू चोरी तिनेच केलीय. पोरगी बोलत नाही, म्हणाली, जेवत नाही. फोन बंद करून भिंतीकडे तोंड करून पडून असते. तिने पोरीच्या खोलीची कडी स्क्रू काढून उतरवून ठेवली आहे आणि उंबऱ्यात अंथरूण टाकून बसते. मी चामडं कापायच्या रापीने वहीतलं तिचं पान मुळापासून कापलं. वहीचं पान मी आजवर कधी फाडलं नव्हतं, खाडाखोडही नाही. ते पान आणि तिचे दोन्ही साचे कापडात बांधून तिच्या आईच्या हाती दिले. चुलीत घाला नाहीतर जपून ठेवा, तिचं तिला. तुला जमलं तर तिच्याकडे जा. बातमीसाठी नाही. तू फीत धरायचीस, म्हणून.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल दुपारी तुझे साहेब आले होते. एकटे, अदबीने, जोडे बाहेर काढून; तुझं नाव सांगितलं म्हणून मी कडी काढली. त्यांनी ती हिरवी वही मागितली. मी म्हटलं, कसली वही? त्यावर ते हसले आणि म्हणाले, ‘तिसरा खण, मेणाच्या डब्याखाली. तुम्ही काढता की मी काढू?’ ती जागा तीनच माणसांना ठाऊक होती, टाचणी. तू सांगितलंस की गोड बोलून कुणी तुझ्याकडून काढून घेतलं, हे मी विचारणार नाही. माझ्याकडूनही असंच काढून घेतलं होतं. पण आज त्या खणाला मी पहिल्यांदा कुलूप लावलं, आणि किल्ली कुठे ठेवली ते तुला लिहीत नाही. दारातल्या गाड्यांना मी इतका भ्यालो नव्हतो, जितका हे वाक्य लिहिताना भ्यालो. आणि एक गोष्ट तुला न विचारता केली, ती तुला त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. एका पानाच्या बदल्यात ते मला अठरा लाख देत होते, आणि तुला रात्री नऊच्या बातम्यांची खुर्ची. मी दोन्हीला नाही म्हणालो.

रागावलीस तरी तुझाच,
बाबा